नळ दर तिसऱ्या दिवशी, सांडपाणी केंद्र मात्र ४० लाख लिटरचे: आधी नाला मोजू या का?

नालाकाठ

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाची वस्ती ३०,००० च्या आसपास आहे. नगरपरिषदेने सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव तयार केला असून तो लवकरच वरच्या मंजुरीसाठी जाणार आहे. केंद्र व्हावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आमच्या घरामागून जो नाला वाहतो, त्यात मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मासोळ्या धरल्या आहेत, आणि आज त्या बाजूची खिडकी आम्ही वर्षभर उघडत नाही. म्हणूनच बांधलेले केंद्र पुढे चालत राहावे याची काळजी वाटते.

प्रस्तावाचा सारांश मी वहीत उतरवून आणला. माणशी १३५ लिटर पाणी, त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे आजच्या वस्तीला रोज ३२.४ लाख लिटर, आणि पुढची वाढ धरून ४० लाख लिटरचे, एसबीआर पद्धतीचे (एकाच टाकीत पाळीपाळीने पाणी भरून, यंत्राने हवा देऊन, गाळ बसवून वरचे पाणी काढणारे) केंद्र, असा तो हिशेब आहे. आमच्याकडे नळ दर तिसऱ्या दिवशी येतो, तोही पाऊण तास. मग माणशी १३५ लिटर पाणी कोणाच्या घरी पोहोचते, हा प्रश्न मला पडला.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका तालुक्यातील तयार केंद्र पाहून आलो. दारावर रखवालदार होता, भिंतींचा रंग नवा होता. ज्या खोल टाकीत गावाचे सगळे पाणी येऊन पडायला हवे, तिच्यात वाकून पाहिले तर तळाशी वीतभर काळे पाणी होते आणि त्यावर जाड साय धरली होती. हवा देणाऱ्या यंत्रांवर ताडपत्री बांधलेली होती. पाणी साचले की आठवड्यातून एकदा पंप चालवतो, असे रखवालदाराने सांगितले. केंद्रापासून हाकेच्या अंतरावर गावाचा नाला मात्र भरून वाहत होता, कारण भुयारी गटाराला घरांची जोडणीच झालेली नव्हती. आमच्या गावी असे होऊ नये यासाठी मंजुरीपूर्वी नागरिकांनी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

जलवाहिनी

मी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामात ३० वर्षे काढून निवृत्त झालो आहे. आपला प्रश्न अगदी योग्य जागी आहे. केंद्र शासनाच्या अभियांत्रिकी नियमपुस्तिकेत माणशी १३५ लिटर हे प्रमाण ज्या गावात भुयारी गटार आहे किंवा होऊ घातले आहे, अशा गावासाठी दिलेले आहे. नळयोजना आहे पण भुयारी गटार नाही, अशा गावासाठी तेथेच ७० लिटर सांगितले आहेत. ७० धरले तर तुमच्या ३०,००० वस्तीचे सांडपाणी १६.८ लाख लिटर होते. एका गृहीतकाने केंद्र जवळजवळ दुप्पट होते, आणि दुप्पट केंद्राचा खर्च बांधकामाबरोबर संपत नाही, तो दर महिन्याच्या विजेच्या बिलात येत राहतो.

दोन्ही आकडे बाजूला ठेवून नाला मोजावा, असे माझे सांगणे आहे. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. जाड पत्र्याची एक पाटी घ्यावी, तिच्या वरच्या काठाला काटकोनाची खाच कापावी, आणि ती नाल्यात आडवी, पाणसळीने तोलून, अशी बसवावी की सगळे पाणी खाचेतूनच पलीकडे पडेल. बाजूने आणि खालून काळी माती ठोकून गळती बंद करावी. पाटीच्या मागे, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, दोन-तीन हातांवर, खाचेच्या खालच्या टोकाशी शून्य जुळवलेली मोजपट्टी रोवावी आणि पाणी किती चढले ते सेंटिमीटरमध्ये वाचावे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचवा घात काढावा आणि त्याला १.३८ ने गुणावे, की सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते ते मिळते. उदाहरणार्थ, १५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला १२ लिटर पाणी जाते. दिवसभर तेवढेच वाहिले तर ते सुमारे १०.४ लाख लिटर होईल.

एक पथ्य मात्र पाळावे. तुमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, म्हणून मोजमाप सलग तीन दिवस आणि रात्रीसुद्धा झाले पाहिजे. एका दिवसाचे मोजमाप तुम्हाला चुकीचाच आकडा देईल.

धुऱ्यावरून

माझे वावर अशाच एका गावाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून लिहितो. नाल्यावर मोटार लावून मी पालक, सांभार (कोथिंबीर), मुळा आणि थोडी वांगी घेतो. चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवतात तेव्हाही नाल्याला पाणी असते, आणि त्या दोन महिन्यांच्या भाजीवर माझ्या घराचा बराच खर्च निघतो. या पाण्यावर खत कमी लागते, हे आमच्याकडच्या प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे. पण पाण्यात उभे राहिले की पायांना खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, आणि घरच्या लेकरांना जंताचे औषध वारंवार द्यावे लागते. तीच भाजी सकाळी गावाच्या बाजारात जाते आणि ज्यांच्या घरातून ते पाणी आले, त्यांच्याच ताटात पडते. हे मला कबूल करताना वाईट वाटते, पण दुसरे पाणी नाही.

माझा प्रश्न असा आहे की केंद्र झाल्यावर शुद्ध झालेले पाणी कोणाचे असेल? ते नळाने दुसरीकडे नेले तर खालच्या अंगाची आठ-दहा कुटुंबे उन्हाळ्यात बसून राहतील. प्रस्तावात आमचा उल्लेख कोठे असतो का?

सूक्ष्मदर्शी

भाऊ, तुमच्या पोस्टमधील जंताचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये शेतीसाठी वापरायच्या सांडपाण्याची जी मर्यादा सुचवली, तिच्यात कच्ची खाल्ली जाणारी भाजी असेल तर लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतील जिवाणू १,००० पेक्षा जास्त नसावेत, असे म्हटले आहे. जंताची अंडी जड असतात आणि पाणी पुरेसे दिवस शांत उभे राहिले की ती तळाशी बसतात. म्हणून पाणी स्वच्छ दिसते की नाही यापेक्षा ते किती दिवस थांबले हे विचारावे. तोपर्यंत गमबूट घाला, आणि कापणीच्या आधी शक्य तितके दिवस पाणी तोडा.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. पाणी किती आहे याइतकेच ते किती मळलेले आहे हेही मोजायला हवे. त्याचे माप बीओडी, म्हणजे पाण्यातील घाण खाऊन टाकताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे ही तपासणी २७ अंश तापमानाला तीन दिवस नमुना ठेवून करतात. भुयारी गटारातून थेट आलेल्या मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो आणि बहुतेक प्रस्तावांत तोच धरलेला असतो. पण आपल्या छोट्या गावांत शौचालयाचे पाणी आधी सेप्टिक टाकीत जाते, तेथे त्यातील घाण काही प्रमाणात खाली बसते, आणि उरलेले पाणी न्हाणीच्या व भांड्यांच्या पाण्याबरोबर उघड्या नालीत येते. म्हणून नाल्यातला आकडा बऱ्याचदा त्याहून पुष्कळ कमी निघतो. एसबीआरच्या टाकीत जिवाणूंचा गाळ जिवंत ठेवावा लागतो, आणि त्यांचे अन्न म्हणजे हीच घाण. २५० साठी आखलेल्या टाकीत ८० चे पाणी आले, तेही निम्मे, तर जिवाणूंची उपासमार होते, गाळ विस्कटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. मग लोकांना वाटते की यंत्र बिघडले.

नमुना घेताना बाटली दुपारी एकदाच बुडवून आणू नये. दर दोन तासांनी थोडेथोडे पाणी घ्यावे, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करावे, बर्फाच्या डब्यात ठेवावे आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावे.

जुना प्रभाग

मी पूर्वी नगरसेवक होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. स्वच्छ भारत अभियानाचा शहरी दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि त्यात एक लाखाखालील वस्तीच्या गावांच्या सांडपाण्यासाठी प्रथमच निधीची वाट मोकळी झाली. छोट्या नगरपरिषदेला स्वतःच्या पाणीपट्टीतून असे काम कधीच झेपणार नाही. मोजमाप, नमुने, फेरविचार यांत वर्ष गेले तर निधी दुसऱ्या गावाला जाईल आणि आपला नाला आणखी २० वर्षे तसाच वाहील. शिवाय १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २४ नुसार प्रवाहात घाण सोडण्यास मनाई आहे, त्याची जबाबदारी नगरपरिषदेवर येते, तक्रार करणाऱ्यावर येत नाही.

एसबीआरला जागा कमी लागते, हाही विचार करावा. पूर्वी आमच्या सभेत तलाव पद्धतीचा, म्हणजे सांडपाणी उघड्या तलावांत थांबवून शुद्ध करण्याचा, विषय निघाला होता, तेव्हा वास आणि डासांच्या भीतीने लोकांनी तो हाणून पाडला. यंत्राचे केंद्र पाहून लोकांना विश्वास वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो. आकडा मोठा वाटतो, पण गाव वाढणारच आहे.

जलवाहिनी

आपली निधीबद्दलची काळजी रास्त आहे आणि नगरपरिषदेची बाजू येथे आली हे बरे झाले. पण गाव वाढेल म्हणून आज सगळे बांधून ठेवावे, हे मला मान्य नाही. केंद्र दोन भागांत आखता येते. आज एक भाग बांधावा, दुसऱ्याची जागा राखून ठेवावी आणि पाणी वाढले की तो बांधावा. प्रस्तावात ही दुरुस्ती करायला वर्ष लागत नाही, तीन दिवसांचे मोजमाप आणि दोन नमुने जोडले की पुरते.

तलावांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात त्यांना उगाच मागास समजले जाते. तलावात हवा देण्याचे काम शेवाळ करते आणि शेवाळाला ऊन लागते. ते आपल्याकडे भरपूर आहे. भारतीय मानकानुसार २० अंश अक्षांशाच्या आसपास अशा तलावाला दर हेक्टरी रोज २५० किलो बीओडी पेलते, २८ अंशांवर हाच आकडा २०० वर येतो. विदर्भ १९ ते २२ अंशांत बसतो. समजा रोज १० लाख लिटर पाणी आले आणि त्याचा बीओडी २०० मिलिग्रॅम असला, तर ती रोजची २०० किलो घाण झाली. तिला ०.८ हेक्टर, म्हणजे दोन एकर पाणपसारा लागेल. खोली दीड मीटर धरली तर त्यात १२,००० घनमीटर पाणी मावते, म्हणजे पाणी १२ दिवस थांबते. ताईंनी सांगितलेली जंताची अंडी बसायला एवढे दिवस पुरेसे आहेत. पुढे जिवाणू मारण्यासाठी उथळ तलाव जोडावे लागतात, त्यांची आणखी जागा धरावी. वीज लागते ती पाणी उपसून वर टाकायलाच, आणि जमिनीचा उतार मिळाला तर तीही लागत नाही. यंत्राच्या केंद्रात निम्म्याहून अधिक वीज हवा देण्यावर जाते आणि वीज काही तास गेली की टाकीतले जिवाणू गुदमरू लागतात. ज्या गावात उन्हाळ्यात रोहित्र जळले की दोन-दोन दिवस अंधार असतो, तेथे याचा विचार टाळता येणार नाही.

जागेसाठी खालच्या अंगाची ई-क्लास जमीन (सरकारी गायरान) पाहावी. गुरे चारणाऱ्यांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, एवढे मात्र नक्की. वास येतो तो मुख्यतः पहिल्या खोल, झाकोळलेल्या तलावाचा. वस्तीपासून तो निदान अर्धा किलोमीटर दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवला तर त्रास होत नाही. डास काठच्या गवतात आणि जलपर्णीत होतात, म्हणून काठाला फरशी बसवावी आणि एका माणसाने रोज काठ साफ ठेवावा. तलाव बांधून सोडून दिले तर तेही बिघडतात. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यामुळे तळाला अस्तर लागेल. हीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भुयारी गटाराच्या नळांचे सांधे सुटतात. नळांखाली मुरूम-वाळूची गादी घातली जाते की नाही, हे चर उघडा असतानाच उभे राहून पाहावे.

जागा मिळतच नसेल तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धती अभ्यासावी. गिट्टी-खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडे लावून त्यांच्या मुळांतून पाणी सोडतात. ती वीज फार थोडी घेते, पण आधी गाळ नीट बसवला नाही तर वाफे चोंदतात.

धुऱ्यावरच्या भाऊंना उत्तर द्यायचे राहिले. नागपूर महानगरपालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जाते. छोट्या गावाकडे असा मोठा गिऱ्हाईक नसतो, तुमच्यासारखा कास्तकार हाच त्याचा गिऱ्हाईक आहे. दहा लाख लिटर सांडपाण्यात साधारण ४० किलो नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन पिशव्या युरिया रोज वाहून जातो. तलावात त्यातले काही उडून जाते, पण उरते तेही कमी नाही. प्रस्तावात तुमचा उल्लेख नसेल तर तुम्ही सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

टाकीउपसा

सेप्टिक टाकी उपसण्याची गाडी मी नऊ वर्षांपासून चालवतो. सगळे नाल्याबद्दल बोलत आहेत, म्हणून टाक्यांबद्दल सांगतो. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, असे सांगतात. मला लोक बोलावतात ते शौचकूप तुंबल्यावर, १२ किंवा १५ वर्षांनी. झाकण उघडले की वरचा थर इतका घट्ट असतो की आत सोडलेला नळ त्यावर उभा राहतो. अशी भरलेली टाकी टाकी राहत नाही, जे आत येते ते तसेच नालीत जाते. बऱ्याच टाक्यांना तळच नसतो, नुसता खड्डा असतो, आणि दहा हातांवर पिण्याची विहीर असते.

उपसलेला मैला कोठे न्यायचा, हा माझा रोजचा प्रश्न आहे. आमच्या गावात त्यासाठी जागा नाही. गेल्या नऊ वर्षांत मी तो कोठे ओतला हे लिहायला मला लाज वाटते, पण सांगितले नाही तर हा प्रश्न कोणी धरणार नाही. शेतकरी बोलावतात तेव्हा पडीक वावरात ओततो, नाहीतर गावाबाहेरच्या नाल्यात. साताऱ्याच्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये पाळीपाळीने टाक्या उपसून तो मैला वेगळ्या केंद्रात नेतात, हे मी एका प्रशिक्षणात ऐकले. नवीन केंद्रात गाडी रिकामी करण्याचा एक हौद असावा, एवढीच माझी मागणी आहे. तो नसला तर गाडी भुयारी गटाराच्या चेंबरमध्येच रिकामी होईल, आणि चार हजार लिटरची एक गाडी लहान केंद्राचे काय करते, हे ताई सांगू शकतील.

आणखी एक. चेंबर तुंबले की माणसाला आत उतरवतात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. माझ्या ओळखीचा एक तरुण असाच गेला. पाइप टाकताना यंत्र आत जाईल एवढी चेंबरची तोंडे ठेवली, तर माणूस उतरवण्याची वेळ येणार नाही.

सूक्ष्मदर्शी

दादा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. सेप्टिक टाकीतला मैला साध्या सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असतो. अशी एक गाडी लहान केंद्रात एकदम ओतली तर टाकीतला प्राणवायू संपतो आणि गाळ सावरायला बरेच दिवस जातात. वेगळा हौद, तेथे मैला निवळणे आणि वरचे पाणी थोडेथोडे केंद्रात सोडणे, ही व्यवस्था प्रस्तावात असलीच पाहिजे.

नालाकाठ

सर्वांचे आभार. मोजमाप झाले, त्याचा वृत्तांत देतो. वेल्डिंगच्या दुकानातून पाटी कापून घेतली आणि महाविद्यालयातील पाच विद्यार्थी व मी अशा सहा जणांनी पाळ्या लावून तीन दिवस, तीन रात्री दर तासाला मोजपट्टी वाचली. पहिल्या रात्री पाटीच्या डाव्या बाजूने पाणी फुटले, त्यामुळे ते वाचन टाकून पुन्हा सुरुवात करावी लागली. प्लास्टिकच्या पिशव्या खाचेत अडकतात म्हणून वरच्या बाजूला काट्यांचे कुंपण घातले.

नळाच्या दिवशी सकाळी साडेसातला पाणी १९ सेंटिमीटरवर होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २२ लिटर. त्याच रात्री तीन वाजता ते ७ सेंटिमीटरवर उतरले, सेकंदाला दोन लिटरही नाही. टॉर्चच्या उजेडात पट्टी वाचताना पाण्याचा आवाज आला नाही तेव्हा आम्हाला वाटले की पाटी पुन्हा फुटली, पण गाव झोपले होते, एवढेच. नळाच्या दिवशी नाल्यातून एकूण सुमारे ९ लाख लिटर गेले, पुढच्या दोन दिवसांत रोज साडेपाच लाखांच्या आसपास. गावाचे आणखी दोन लहान नाले आहेत, ते अजून मोजायचे आहेत. पण या नाल्याला दोन-तृतीयांश गाव लागते, म्हणून तिन्ही मिळून नळाच्या दिवशीही १५ लाखांच्या वर जाण्याची चिन्हे नाहीत. बीओडीचा एकत्र नमुना ११० आला.

हे आकडे, दोन भागांतील बांधणी, मैल्याचा हौद, चेंबरची रुंद तोंडे आणि खालच्या अंगाच्या कास्तकारांचे पाणी, असा पाच पानी अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्यांनी तो वाचला, मोजपट्टीची वही मागून घेतली आणि प्रस्ताव तयार करणाऱ्या सल्लागारांना पुढच्या आठवड्यात बोलावतो म्हणाले. घरजोडणीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. आमच्या गल्लीत ४२ घरे आहेत. नालीपासून चेंबरपर्यंत प्रत्येक घराला किती नळ लागेल, ते मी उद्यापासून फीत घेऊन मोजणार आहे.

जुना प्रभाग

वही पाहण्याची माझीही इच्छा आहे. सल्लागारांच्या बैठकीला मी येतो. घरजोडणी लोकांच्या मर्जीवर सोडली तर होत नाही, हे मी सभेत बसून पाहिले आहे. तिचा खर्च मूळ प्रस्तावातच मागावा लागेल, आणि सभेपुढे तो विषय कसा मांडायचा हे मला ठाऊक आहे.

जलवाहिनी

काम चोख झाले आहे. उरलेले दोन नाले मृगाच्या आत मोजून घ्या आणि त्यानंतर पाटी काढून ठेवायला विसरू नका. पहिल्या जोराच्या पावसात ती राहिली तर पाणी मागे तुंबून काठच्या घरांत शिरेल. श्रावणात एकदा, पाऊस चालू असताना, नाल्याच्या पुलाखालची पाण्याची उंची नोंदवून ठेवा. पावसाचे पाणी केंद्रात शिरू नये म्हणून बाहेर वळवण्याची वाट किती रुंद हवी, ते त्यावरून ठरवता येईल.